सातव्या रेघेवरचे तीन ठिपके

जबाब देणार: वय सव्वीस वर्षे (शाळेच्या दाखल्याप्रमाणे), धंदा नोकरी, बंदर कार्यालयाच्या मोजणी शाखेत कनिष्ठ मोजणीदार, राहणार बर्फ कारखान्यामागील कामगार वसाहत. नाव ओळखपत्रावरून ठाण्याच्या नोंदवहीत घेतले आहे.

मी आज दुपारी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणी बोलावले नसताना, स्वतःहून सांगते की, मी वरील ठिकाणी आईसोबत राहते. आई बर्फ कारखान्यात लाद्या ओढण्याचे काम करते. वडील हयात नाहीत. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. निरीक्षक साहेबांनी "सव्वीस पूर्ण का?" असे विचारले, त्यावर मी सांगितले की शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख अंदाजाने टाकली होती, तेव्हा सहा-आठ महिने इकडेतिकडे धरावेत. साहेब म्हणाले, "बाई, वयातच इकडेतिकडे? पुढे आमचं काय होणार!" तरीही तसे लिहून घ्यावे अशी मी विनंती केली व ते लिहून घेतले आहे.

माझे काम असे की, मोजणीच्या बोटीवर बसून खाडीच्या पाण्याची खोली मोजायची, नंतर कार्यालयात संगणकावर ती नोंद साफ करायची आणि तिच्यावरून नकाशा तयार करायचा. हा नकाशा प्रवासी लाँचच्या सुकाणूजवळ चिकटवलेला असतो. लाँच चालवणारे त्यावर भरवसा ठेवून जातात. मी हे काम चार वर्षे करत आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी, मोठ्या ओहोटीच्या वेळी, पलीकडच्या धक्क्याकडे निघालेली प्रवासी लाँच खाडीच्या मध्यावर कशाला तरी लागून कलंडली. "कशाला तरी लागून" हे माझे ऐकीव आहे. मी लाँचवर नव्हते. पाच जण दगावले. त्यांत लाँचचा इंजिनवाला आहे. तो लाँच चालवणाऱ्यांचा धाकटा भाऊ. चालवणाऱ्यांना सगळे बंदर तात्या म्हणते. तात्या त्या दिवसापासून याच ठाण्याच्या कोठडीत आहेत. पाण्यावर तरंगणाऱ्या लाल आणि हिरव्या बोयांमधली ठरलेली वाट सोडून त्यांनी लाँच उथळ पाण्यात नेली, असा त्यांच्यावर आरोप आहे. आमच्या कार्यालयाने ठाण्याला दिलेल्या पत्रात, वाटेत सर्वात कमी पाणी असतानाही चार मीटर खोली आहे व कोणताही अडथळा नाही, असे लिहिले आहे. त्या पत्रामागची मोजणी माझी आहे.

तात्यांची भावजय, म्हणजे मेलेल्या इंजिनवाल्याची बायको, माझ्या आईबरोबर कारखान्यात कामाला आहे. तात्यांना कोठडीत डबा तीच आणते. आज सकाळी आईने मला तिच्यासोबत पाठवले. घरातून निघताना आई म्हणाली, "कुणी विचारलं तर खरं सांग. पण कुणाच्या पोटावर पाय देऊ नकोस." दोन्ही एकदम कसे करायचे ते मी तिला विचारले नाही.

कोठडीच्या दाराशी तात्यांचे व माझे जे बोलणे झाले ते आठवते तसे सांगते. भावजयीने डबा आत सरकवला. तात्यांनी तो उघडला नाही. मला पाहून म्हणाले, "पोरी, ते पाणी तूच मोजलंस ना?"

मी म्हटले, "हो, तात्या."

"तुमच्या कागदावर तिथं काही नाही."

"कागदावर नाही."

"मग नाहीच. मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला काय भाऊ आहे का बहीण! माझंच भान सुटलं असणार. उन्हाची तिरीप होती समोर. वाट सुटली असणार."

भावजय म्हणाली, "भाऊजी, पाण्यातून काढलं तेव्हा तुम्ही म्हणत होतात, हाताला हिसका बसला म्हणून. सुकाणू हातातून उडालं म्हणून."

"म्हणालो असेन. बुडता माणूस काहीही म्हणतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेबांनी लिहून ठेवलंय, वाट सोडली म्हणून. आज संध्याकाळी अंगठा देतो आणि मोकळा होतो. निदान ह्या बाईला कळेल तरी, तिचा नवरा कुणाच्या चुकीनं गेला."

भावजय पदराने डब्याचे झाकण पुसत होती. ते आधीच कोरडे होते.

मी तात्यांना काही सांगितले नाही. सांगायला माझ्याकडे नक्की असे काही नव्हते. घरी गेले. आई जेवायला आली होती. तिला सगळे सांगितले आणि तिच्यासोबत परत आले. आई बाहेर बाकावर बसली आहे.

निरीक्षक साहेबांनी मला खोली मोजणाऱ्या यंत्राविषयी, म्हणजे सोनारविषयी, विचारले. लिहिणाऱ्या पोलीस ताईंनी मध्येच विचारले की, सोनार म्हणजे दागिन्यांचा सोनार तोच शब्द का. मी सांगितले की उच्चार तोच, काम वेगळे. माझी आईही सुरुवातीला वसाहतीत सांगायची की पोरगी सोनाराकडे कामाला लागली, आणि शेजारणी विचारायच्या, मग गळा रिकामा कसा. यापुढे मी त्याला यंत्र म्हणते.

बोटीच्या तळाला यंत्राचे डोके बसवलेले असते. ते पाण्यात खाली आवाज सोडते. आवाज तळावर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून खोली निघते. असा आवाज सेकंदाला दहा वेळा सुटतो आणि प्रत्येक आवाजाचा पडद्यावर एक ठिपका उमटतो. ठिपक्याला ठिपका लागून तळाची रेघ दिसते. लोक म्हणतात यंत्राला तळ दिसतो. यंत्राला काही दिसत नाही. ते फक्त ऐकते.

पाणी किती खारट, किती गरम, यावर आवाजाचा वेग बदलतो. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी आम्ही पाटी सोडतो. म्हणजे, खुणा केलेल्या साखळीला लोखंडी पाटी बांधून ती ठरलेल्या खोलीवर यंत्राच्या डोक्याखाली उतरवायची. यंत्राने तोच आकडा सांगितला पाहिजे. मोजणीच्या त्या दिवशी पाटी मी सोडली होती. फरक दोन-तीन सेंटीमीटरचा आला, तो चालतो. यंत्र बिघडलेले नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते बिघडले होते असे म्हणणे सगळ्यांच्या सोयीचे झाले असते, माझ्याही.

लाटांचे हलणे, भरतीच्या पट्टीवरचे वाचन, वेगात बोटीचे पाण्यात दबणे, हे सगळे धरून आमच्या शेवटच्या आकड्यात दहा ते पंधरा सेंटीमीटर कमीजास्त असू शकते.

यंत्राचा आवाज विजेरीच्या झोतासारखा खाली पसरत जातो. आमच्या यंत्राचा झोत अरुंद आहे. सात मीटर खोलीवर तो तळाशी सुमारे एक मीटर रुंद होतो. बोट सरळ रेघेत जाते, मग वीस मीटर बाजूला सरकून दुसरी रेघ घेते. असे वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत करतात.

साहेबांनी विचारले, "म्हणजे वीस मीटरांतलं एक मीटर ऐकलं. उरलेले एकोणीस?"

मी म्हटले, "जोडले, साहेब."

"कशानं?"

"संगणक जोडतो. इकडं चार मीटर, तिकडं चार मीटर, म्हणजे मध्येही चार असणार, असं धरून."

"धरून," साहेब म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवले. "आणि हे लाँचवाल्यांना सांगता?"

"नकाशाच्या कोपऱ्यात रेघांमधलं अंतर लिहिलेलं असतं."

"तात्याला वाचता येतं?"

"नाही. पण त्यांना रंग कळतात. निळा म्हणजे खोल."

सर्वत्र अशीच पद्धत आहे, व सपाट चिखलाच्या तळाला ती बहुतेक वेळा पुरते, हे मी सांगितले. बहुतेक वेळा, असे लिहून घ्यावे.

आता त्या मोजणीच्या दिवसाविषयी. मोजणी गेल्या महिन्यात झाली. बोटीवर चालक, मोजणी शाखेचे प्रमुख व मी असे तिघे होतो. प्रमुखांना मी सर म्हणते. भर भरतीची वेळ होती, पाणी सुमारे सात मीटर होते. दुपारी बोट पाहुण्यांना बंदर दाखवण्यासाठी द्यायची होती, म्हणून काम दुपारच्या आत उरकायचे होते. सर चालकाला म्हणाले, "आज जरा पाय उचल." आम्ही नेहमी सेकंदाला दोन मीटर वेगाने जातो. त्या दिवशी चार मीटरने गेलो. थोडे कमीजास्त असेल, पण दुप्पट म्हणायला हरकत नाही. एवढ्या वेगाला यंत्र खोली बरोबरच सांगते. त्यामुळे मी हरकत घेतली नाही. घ्यायचे सुचलेही नाही.

दुसऱ्या दिवशी नोंद साफ करताना सातव्या रेघेवर तीन ठिपके तळाच्या रेघेपासून सुटून वर आलेले दिसले. तळापासून सुमारे तीन मीटर वर. असे सुटे ठिपके नेहमी येतात. मासे असतात, बुडबुडे असतात, वाहून जाणारा कचरा असतो. ते काढले नाहीत तर नकाशावर जागोजागी खोटे खडक उभे राहतील आणि एकही लाँच सुटणार नाही. म्हणून ठिपके काढणे हाही कामाचाच भाग आहे. कुठले काढायचे याचा आमच्या शाखेत सरांच्याही आधीपासून चालत आलेला एक नियम आहे. तो तोंडीच सांगतात: तीनचा मासा, पाचचा खडक. सलग पाच ठिपके आले तर थांबायचे, परत जायचे, पुन्हा मोजायचे. तीन आले तर काढून टाकायचे.

मी सरांना हाक मारली. म्हटले, "सर, सातव्या रेघेवर तीन आहेत."

ते आपल्या टेबलावरूनच म्हणाले, "शेजारच्या रेघांवर?"

"नाहीत."

"मग मासा. काढ."

"तिन्ही एकाच खोलीवर आहेत, सर. मासा खालीवर होत नाही का?"

"शहाणा मासा असेल. तुझ्यासारखा. हलायच्या आधी दहादा विचार करणारा."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले. ठिपके मी काढले. तसे करताना संगणक एकदा विचारतो, नक्की का. मी हो म्हटले. मूळ नोंद पुसली जात नाही. ती कार्यालयात आहे व ठाण्याने ती ताब्यात घ्यावी.

मंगळवारच्या अपघातानंतर बुधवारी सरांनी बोट काढून सातवी रेघ पुन्हा मोजली. मी सोबत होते. काही आढळले नाही. त्याच दिवशी ठाण्याला पत्र गेले.

गुरुवारी मी दुसऱ्या एका कामासाठी बोटीच्या वेगाचा हिशोब करत होते. तेव्हा ध्यानात आले की पाचचा खडक हा नियम आमच्या नेहमीच्या, सावकाश वेगाचा आहे. एखादा खांब किंवा ओंडका तळात उभा रुतलेला असेल, तर त्याच्या टोकावरून झोत जायला बोटीला साधारण एक मीटर अंतर लागते. नेहमीच्या वेगाने तेवढ्यात पाच ठिपके पडतात. दुप्पट वेगाने दोन किंवा तीन. म्हणजे त्या दिवशी खडकही तीनचाच दिसणार होता. आम्ही वेग बदलला आणि नियम तोच ठेवला. चार वर्षे मी तो नियम पाठ म्हणत होते. तो कशावरून आला हे मी कधी विचारले नाही.

मी हे लगेच सरांना सांगितले. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या वेगाला मासा कितीचा दिसेल?"

मी म्हटले, "एक-दोनचा. मोठा असला तर तीनचाही."

"मग तो मासा होता की खडक?"

"सांगता येत नाही, सर."

"मलाही नाही. आणि ज्याला सांगता येत नाही त्यानं पोलिसात जाऊन काय सांगायचं? मला कळत नाही, हे?"

चष्मा परत लावून ते म्हणाले, "मी तुला खोटं बोल म्हणत नाही. विचारलं तेवढं सांग. न विचारलेलं सांगत बसलीस तर हे कार्यालय उद्या कुठल्याही पाण्याविषयी काही सांगू शकणार नाही."

सरांनी मला धमकावले नाही, हे लिहून घ्यावे. बोटीवर मुलगी नको असे सगळे म्हणत असताना मला घेणारे तेच होते. मला पोहता येत नाही. तरंगण्याच्या जाकिटाचा माझा पट्टा ते रोज सकाळी स्वतः ओढून बघतात. बुधवारीही बघितला.

साहेबांनी विचारले की बुधवारी पुन्हा मोजले तेव्हा काही मिळाले नाही, मग शंका कसली. त्यावर सांगते की, बोटीची जागा दाखवणाऱ्या उपकरणात एक-दोन मीटरची चूक असते. झोत एका मीटरचा. एखादी उभी वस्तू चुकवायला बोट हातभर बाजूला गेली तरी पुरे. आंधळ्याने काठी एकदा टेकवली आणि खड्डा लागला नाही, एवढ्याने रस्त्यात खड्डा नाही असे होत नाही. शिवाय लाँच लागली असेल तर ती वस्तू वाकली असेल, मोडली असेल किंवा आडवी झाली असेल. किंवा ती तिथे कधी नव्हतीच, असेही असेल. मासा असेल तर तो एक महिना तिथे थांबणार नाही. बुधवारच्या मोजणीने काही नाही हे ठरत नाही. काही आहे हेही ठरत नाही.

साहेबांनी विचारले, "लाँच रोज तिथून जाते. मग मंगळवारीच कशी लागली?" त्यावर सांगते की, त्या तीन ठिपक्यांची खोली भरतीचा हिशोब वजा करून काढली, तर सर्वात कमी पाण्याच्या वेळी ती एक मीटर दहा सेंटीमीटर येते. भरलेली लाँच पाण्याखाली एक मीटर वीस सेंटीमीटर बुडते. मंगळवारची ओहोटी महिन्यातली सर्वात मोठी होती. इतर दिवशी पाणी त्यावर अर्ध्या मीटरने तरी जास्त असते, लाँच वरून निघून जाते व कोणाला कळत नाही. परंतु माझ्या आकड्यात पंधरा सेंटीमीटर कमीजास्त आहे हे मी वर सांगितले आहे. तेवढ्या फरकात लाँच लागूही शकते, आणि न लागता जाऊही शकते. मला दोन्ही म्हणावे लागते.

यावर साहेब म्हणाले, "बाई, मी तीस वर्षं जबाब घेतोय. लोक खोटं बोलतात, ते मला कळतं. खरं बोलतात, तेही कळतं. तुम्ही काय बोलताय ते सांगा. होतं की नव्हतं?"

मी सांगितले, "साहेब, त्या जागी एका महिन्यापूर्वी काहीतरी होतं, ज्यावरून आवाज परत आला. ते काय होतं ते यंत्राला कळत नाही. आम्ही त्याला मासा म्हटलं, कारण आमची तशी सवय होती. एवढंच मला माहीत आहे. पण तिथं काही नाही, असं पत्र आम्ही दिलं. ते आम्हाला माहीत नव्हतं."

"तात्या वाटेत होता का?"

"ते मला माहीत नाही. सातवी रेघ बोयांच्या मधून जाते, कडेने नाही. वाटेतच असूनही काही लागू शकतं, इतकंच मी म्हणते. आमच्या मोजणीवरून त्यांनी वाट सोडली असं सिद्ध होत नाही. ते स्वतः मात्र आमच्या मोजणीवरूनच तसं म्हणत आहेत."

साहेब उठून खिडकीशी गेले. तिथून कोठडीचे दार दिसते. परत येऊन म्हणाले, "तुमच्या सरांना बोलावलं तर ते काय सांगतील?" मी सांगितले की सर खोटे बोलणार नाहीत. विचारले तर सांगतील. म्हणून त्यांना विचारावे.

मी आणखी सांगते की, हे ठरवायचा उपाय आहे. दोन बोटींच्या मध्ये वजने लावलेली लोखंडी तार ठरलेल्या खोलीवर ताणून, ती वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायची. जे उभे असेल ते तारेला अडते. तारेला रेघांमधले अंतर नसते. ही तार आमच्या गोदामात ताडपत्रीखाली पडून आहे. यंत्र आल्यापासून ती कोणी वापरलेली नाही, कारण तिला दोन बोटी आणि अख्खा दिवस लागतो.

लाँच उद्या सकाळपासून पुन्हा सुरू होणार आहे असे समजते. पुढचे काही दिवस ओहोटी लहान आहे. लाँच सुखरूप जाईल. लोक म्हणतील, बघा, काही नव्हते, तात्याच चुकला. पंधरवड्याने पुन्हा मोठी ओहोटी येईल. तरी तार ओढून होईपर्यंत लाँच बंद ठेवावी.

साहेब म्हणाले की ही मागणी झाली, जबाब नव्हे, त्यासाठी वेगळा अर्ज करावा. मी सांगितले की कार्यालयाचा अर्ज सरांच्या सहीने जातो आणि उद्या सकाळच्या आत तो जाणार नाही. साहेब म्हणाले, "मी लाँच बंद केली आणि तार कशालाच न अडता आली, तर उद्या वरून मला विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून बंद केली. मी काय सांगू? एका मुलीला मासा दिसला म्हणून?"

या वेळी माझी आई बाकावरून उठून दारात आली. तिला कोणी बोलावले नव्हते. ती म्हणाली, "साहेब, ही घरी मीठ संपलं का विचारलं तरी 'बहुतेक' म्हणते. भाजी शिजली का विचारा, 'बघावं लागेल' म्हणते. सव्वीस वर्षांत हिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकतेय, थांबवा म्हणून. लिहून घ्या की!" तिला परत बाहेर बसवण्यात आले. ही मागणी जबाबात घेतली आहे. साहेबांनी माझ्यासमोर दूरध्वनीवरून लाँचच्या ठेकेदाराला उद्याची फेरी सोडू नये असे कळवले. परवाचे त्यांनी काही सांगितले नाही.

हा जबाब लिहिणाऱ्या ताईंनी मला सुरुवातीपासून वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी "अडथळा होता" असे आले होते. ते मी "काहीतरी होतं, ज्यावरून आवाज परत आला" असे बदलून घेतले. ही दुरुस्ती तात्यांच्या बाजूची नाही, हे साहेबांनी मला समजावून सांगितले. मला ते कळते.

त्यांचा अंगठा घेण्याआधी हा जबाब त्यांनाही वाचून दाखवावा, अशी मी विनंती केली. साहेबांनी थोडा विचार करून परवानगी दिली. ताईंनी कोठडीसमोर उभे राहून तो मोठ्याने वाचला. ठिपक्यांचा भाग तात्यांनी पुन्हा वाचायला सांगितला, तो वाचला. भावजय रिकामा डबा न्यायला आली होती, तिनेही ऐकले. डबा रिकामा नव्हता.

तात्यांनी विचारले, "म्हणजे तिथं काही होतं, असं ही म्हणत नाही?"

साहेब म्हणाले, "म्हणत नाही."

"आणि नव्हतं, असंही म्हणत नाही?"

"नाही."

तात्यांनी दोन्ही हात पुढे धरले. सुकाणूवर धरतात तसे. तळहात उलटे करून पाहिले. मग म्हणाले, "तर मग माझ्या कागदातलं ते काढा, वाट सोडली म्हणून. यांच्या यंत्रालाच ठाऊक नाही, तर मला कुठून ठाऊक? हाताला हिसका बसला होता. तेवढं मला ठाऊक आहे. तेवढंच लिहा."

भावजय गजांपाशी खाली बसली.

तात्यांचा कागद अंगठा न घेता दुरुस्तीसाठी परत नेला आहे. माझा इथे संपतो. वर जे आहे ते मीच सांगितले आहे, त्यात कोणी घातलेले काही नाही आणि मी लपवलेले काही नाही, असे वाचून, ऐकून व दुरुस्त करून खाली सही करते.